‘टेक’चे पन्नास अर्थ पाठ करण्याविषयी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या विद्यार्थी पानावर गेल्या मंगळवारी दहावीच्या तयारीसाठी म्हणून इंग्रजीतील ‘टेक’ या क्रियापदाचे पन्नास अर्थ आणि वाक्प्रचार चौकटीत छापले होते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी आणि खाली ‘रोज दहा पाठ केल्यास पाच दिवसांत संपूर्ण’ असा सल्ला. सोलापूरच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले आहे, त्यामुळे ती चौकट सवयीने लाल पेन हातात घेऊनच वाचली. तिच्यात चूक म्हणावी अशी एकही सापडली नाही, हे आधीच कबूल करतो. माझी तक्रार वेगळी आहे. पाठ केलेले पन्नास अर्थ परीक्षा संपली की आठवडाभरात जातात. आणि जे मूल बापाच्या मागाशेजारी, आईच्या शिलाई मशीनशेजारी बसून त्यांपैकी निम्मे अर्थ लहानपणापासून ऐकत आणि बोलत आले आहे, त्याला ‘अरे, हेच ते’ असे सांगायला कोणी जात नाही.

मी स्वतः पहिली कित्येक वर्षे चौकटीसारखेच शिकवले. फळ्यावर ‘टेक-टुक-टेकन, घेणे’ लिहायचे, वर्गाने ते सुरात म्हणायचे आणि पुढच्या क्रियापदाकडे वळायचे. पाचवीतल्या एका मुलाने ‘टेक’ म्हणजे टेकणे असे लिहून शेजारी भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्याचे चित्रही काढले होते. मी त्याला शून्य दिले. आज दिले नसते, निदान चित्राचा अर्धा गुण दिला असता.

इंग्रजीत अशी अनेकार्थी क्रियापदे थोडी नाहीत आणि त्यांचा पसारा खुद्द इंग्रजांनाही आवरत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदले होते. तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ त्याच्याही पुढे गेले आणि ६४५ अर्थांवर जाऊन थांबले. ती एक नोंद नव्याने लिहिण्यात पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिने गेले. जाणत्या कोशकाराला जिथे एका क्रियापदाला नऊ महिने लागले, तिथे पंधरा वर्षांच्या मुलाला आपण पाच दिवस देतो. अर्थात, आपणही इंग्रजीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, डोळा लागतो, वेड लागते, वाट लागते, आणि शेजारच्या गल्लीतला एक गृहस्थ आपला मामाही लागतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ‘लागणे’ची नोंद कोणीही उघडून पाहावी, त्या साहेबाची दया येते. आपल्याला मात्र ‘लागणे’ कधी पाठ करावे लागले नाही, कारण ते आपण एकेका प्रसंगासकट उचलले.

माझे डोळे उघडले ते नववीच्या एका तासाला. उताऱ्यात कापड रंगवण्याविषयी एक वाक्य होते, ‘द डाय डिड नॉट टेक’. वर्गातल्या हुशार मुलीने उभे राहून सांगितले, ‘रंगाने घेतले नाही.’ काय घेतले नाही, असे मी विचारल्यावर ती गप्प झाली. मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. त्याचे वडील सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते, आणि सुटीच्या दिवशी हाही तिथे जाऊन ओल्या लडी वाळत घालीत असे, त्यामुळे त्याच्या नखांच्या कडा कायम निळ्या किंवा लाल असत. इंग्रजीत तो दर परीक्षेला नापास होत असे. तो न उठताच म्हणाला, ‘रंग धरला नाही, सर.’ इतके अचूक भाषांतर मला स्वतःला सुचले नव्हते. गरम पाण्यात मीठ कमी पडले किंवा सूत आधी नीट उकळून घेतले नाही, तर रंग सुतावर नुसता बसल्यासारखा दिसतो आणि पहिल्या धुण्याला पाण्यात उतरतो, हेही त्याने मग सगळ्या वर्गाला समजावून सांगितले. सोलापुरी चादरीच्या गावात ‘रंग धरणे’ ही गोष्ट शिकवावी लागत नाही. तिला इंग्रजीत ‘टेक’ म्हणतात, एवढेच सांगायचे राहिलेले होते.

त्या दिवसापासून मी शोधू लागलो आणि ध्यानात आले की जिथे ‘टेक’ला कर्म नसते, तिथे मराठी ‘घेणे’ वापरतच नाही. ती ‘धरणे’ किंवा ‘लागणे’ वापरते. सांगोला-मंगळवेढ्याकडचा डाळिंबवाला फांदीलाच मुळे फुटावीत म्हणून गुटी बांधतो आणि काही आठवड्यांनी ‘कलम लागलं’ म्हणतो. इंग्रज माळी त्याच ठिकाणी कलमाने ‘टेक’ केले असे म्हणतो. वेळेच्या बाबतीत तर ‘टेक’ला कर्म असूनही तेच होते. फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झालेल्या वंदे भारत गाडीने सोलापूरहून मुंबईला जायला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. इंग्रजीत हे तास प्रवास ‘घेतो’. आपल्याकडे वेळ माणसाला, कामाला लागतो. कोणी तो कोणाकडून घेत नाही. आता मात्र ‘संगणक वेळ घेतोय’ हे वाक्य बँकेच्या खिडकीवर रोज ऐकू येते, आणि ते ऐकताना मला उगाच वाटते की त्या संगणकाने आपल्याच खिशातला वेळ काढून घेतला आहे. (तसे पाहिले तर ते खरेही असते.)

‘धरणे’वरून एक जुनी गोष्ट सांगतो, कारण वर्गात ती मुलांना फार आवडत असे. ‘टेक’ हे क्रियापद मूळचे इंग्रजीचे नव्हेच. जुन्या इंग्रजीत घेणे या अर्थी ‘निमन’ असे क्रियापद होते. जर्मन भाषेतले ‘नेमेन’ हे त्याचे सख्खे भावंड आजही नांदते आहे. स्कँडिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांनी इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत वस्ती केली, त्यांच्या बोलीतले ‘टाका’ हे क्रियापद शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यात मिसळले आणि पुढच्या काही शतकांत त्याने घरच्या ‘निमन’ला पार हद्दपार केले. नाव, गाव, अन्न, कापड यांचे शब्द परके येतात हे आपण पाहतो. पण ‘घेणे’सारखे चुलीजवळचे क्रियापदच बाहेरून यावे, ही गोष्ट विरळा. जुन्या ‘निमन’चे दोन तुकडे मात्र मागे राहिले. एक ‘निंबल’, म्हणजे चपळ, चटकन उचलून घेणारा. दुसरा ‘नम’, म्हणजे बधिर. मूळ अर्थ ‘घेतला गेलेला, पकडला गेलेला’. थंडीने किंवा धक्क्याने ज्याला पकडले आहे तो. हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, ‘म्हणजे आमच्या आजीची पाठ धरते तसं का?’ अगदी तसेच. यंत्रमागावर आठ तास उभे राहून आलेल्या माणसाची कंबर धरते, रात्री कुशी बदलून झोपले की मान धरते. कित्येक शतकांपूर्वीच्या इंग्रजाला जी कल्पना सुचली, ती आमच्या पेठेत आजही रोज संध्याकाळी बाम चोळून घेताना ऐकू येते.

आता ‘टेक’च्या मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांकडे येतो, कारण मुलांची खरी दमछाक तिथे होते. ‘ऑफ’, ‘इन’, ‘अप’, ‘डाउन’, ‘ओव्हर’, ‘आफ्टर’, ‘टु’, ‘ऑन’. क्रियापद तेच, आणि शेपूट बदलले की अर्थ दुसऱ्या गावाला. चौकटीत यांना ‘वाक्प्रचार’ म्हटले आहे आणि म्हणूनच ते पाठ करायला सांगितले आहेत. पण आठवीपासून संस्कृत घेतलेल्या मुलांना हा प्रकार नवा नाही. ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते। प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्॥’ हा श्लोक संस्कृतच्या बाईंनी त्यांच्याकडून घोकून घेतलेला असतो. त्यातला धातू आहे ‘हृ’, आणि ‘हृ’चा अर्थ नेणे, घेऊन जाणे असाच आहे. म्हणजे संस्कृतचे हे ‘टेक’च म्हणायचे. आधी ‘आ’ लावला की जेवण, ‘वि’ लावला की फेरफटका, ‘प्र’ लावला की फटका, ‘सम्’ लावला की सर्वनाश. संस्कृत हे तुकडे पुढे जोडते, इंग्रजी मागे सोडते, आणि मागे सोडल्यामुळे ते सुटे राहतात व मध्ये कर्म घुसू शकते. ‘बूट काढ’ म्हणताना ‘ऑफ’ बुटाच्या अलीकडे आले काय नि पलीकडे गेले काय, चालते, पण ‘ते काढ’ म्हणताना सर्वनाम मध्येच बसले पाहिजे. एवढा एक नियम फळ्यावर लिहिला आणि शेजारी तो श्लोक लिहिला की निम्मी भीती जाते, हा माझा अनुभव आहे. संस्कृतच्या बाई आणि इंग्रजीचे सर शिक्षकांच्या खोलीत समोरासमोर बसून डबा खातात, पण एकमेकांच्या फळ्यावर काय लिहिले आहे हे कधी पाहत नाहीत, ही मात्र आपल्या शाळांची जुनी रीत आहे. त्या पापात मीही वाटेकरी आहे.

शेपटाचा अर्थ कळायला गाव पुरते, हे मुलांना मी गावातल्याच बातमीवरून दाखवीत असे. निवृत्तीनंतरही घरी येणाऱ्या दोन-चार मुलांना दाखवतो. होटगी रस्त्यावरची साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, आणि २०२५ मध्ये तिथल्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. इंग्रजी वार्ताहर दोन्ही गोष्टी एकाच क्रियापदावर भागवतो. चिमणी ‘टेक डाउन’ झाली, विमान ‘टेक ऑफ’ झाले. मधल्या काळात लोकांनी बाजू घेतल्या, रस्त्यावर उतरले, काहींनी मनाला लावून घेतले, आणि विमान उडाल्यावर श्रेय घ्यायला काय गर्दी झाली ती आपल्याच अंकांतून आम्ही वाचली. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘टेक’ चालते. मराठीत पाहा, काही ठिकाणी ‘घेणे’ आले, काही ठिकाणी ‘उतरणे’ आले, आणि श्रेयाच्या बाबतीत ‘घेणे’ म्हणणे सभ्यपणाचे झाले. खरा शब्द ‘लाटणे’ आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला बसलो तो सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी शालेय गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना चालवतो. गणवेशाच्या धंद्याने या गावात यंत्रमागाइतकेच नाही तरी बऱ्यापैकी बाळसे धरले आहे, आणि त्याला अलीकडे आखातातून एक मागणी आली होती. नमुन्याची पँट परत आली, सोबत ईमेल. कंबर अर्धा इंच ‘टेक इन’ करा आणि खालची पट्टी एक इंच ‘टेक अप’ करा, असा मजकूर. त्याने मोबाइलवर अर्थ पाहिले. ‘टेक इन’ म्हणजे फसवणे. ‘टेक अप’ म्हणजे छंद सुरू करणे. तो बिचारा पँट आणि मोबाइल दोन्ही घेऊन रात्री साडेनऊला माझ्याकडे आला. सकाळी मी त्याच्याबरोबर कारखान्यात गेलो, कारण मलाही पाहायचे होते. तिथले कटिंग मास्तर साठीचे, घरी तेलुगू बोलणारे, इंग्रजी अक्षर न वाचणारे. त्यांनी ईमेलकडे पाहिलेही नाही. पँट टेबलावर पसरली, गिऱ्हाइकाने कमरेवर आणि पायावर लावलेल्या लाल टाचण्या अंगठ्याने चाचपल्या, तोंडातला खडू काढला आणि म्हणाले, ‘कंबर अर्धा इंच आत घ्यायची आहे. पट्टी वर घ्यायची आहे. ह्यात सरांना कशाला त्रास दिला?’

आत घेणे. वर घेणे. ‘इन’ म्हणजे आत, ‘अप’ म्हणजे वर, ‘टेक’ म्हणजे घेणे. शब्दाला शब्द, टाक्याला टाका. पदवी घेतलेल्या मुलाला आणि त्याच्या मोबाइलला जे सापडले नाही ते मास्तरांच्या खडूच्या टोकावर होते, आणि घरोघरी ब्लाउज आत घेऊन देणाऱ्या आपल्या बायकांच्या तर रोजच्या बोलण्यात आहे. घरी येताना मी मनाशी मोजत होतो. काम ‘हाती घेणे’, माणसाला ‘विश्वासात घेणे’, भांडण ‘अंगावर घेणे’, शब्द ‘मागे घेणे’, कारभार ‘ताब्यात घेणे’, एखाद्याला ‘फैलावर घेणे’. घेणे एकच, आणि आधीचा शब्द दिशा दाखवतो. इंग्रजीचे शेपूट आमच्याकडे मुंडावळीसारखे पुढे बांधले आहे एवढाच फरक. आणि तो ‘फसवणे’ हा अर्थ? तोही उपरा नाही. गोड बोलून एखाद्याला फसवले की आपण काय म्हणतो? ‘घोळात घेतले’. ‘टेक इन’चे इतके चपखल मराठी असताना आपल्या चौकटीत नुसते ‘फसवणे’ छापले आहे, आणि मास्तरांचा अर्थ तर मुळीच नाही.

उलट दिशेचीही एक अडचण आहे, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ती सोलापुरात जितकी स्पष्ट दिसते तितकी बहुधा दुसरीकडे दिसत नसेल. मुलांच्या वह्यांत मला वर्षानुवर्षे ‘आय एट अँड टुक’ असे वाक्य सापडत असे. आधी मी त्यावर फुली मारीत असे. मग कळले की मूल ‘मी जेवून घेतलं’ हे वाक्य प्रामाणिकपणे इंग्रजीत नेत आहे. आईने ‘जेव’ म्हटले तर ती वाढते आहे. ‘जेवून घे’ म्हटले तर बस यायची आहे, पाणी जायचे आहे, किंवा बाबा येण्याआधी तू तुझे उरक असे तिला सुचवायचे आहे. हे ‘घेणे’ काहीही घेत नाही. ते काम ज्याचे त्याच्या पदरात टाकते. आमच्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुले होती, तेलुगू बोलणारी होती, कन्नड बोलणारी होती, दखनी उर्दू बोलणारी होती. ‘करून घे’ला तेलुगूत ‘चेसुको’, कन्नडात ‘माडिको’, दखनीत ‘कर ले’. चारही घरांत ती बारीक छटा शाबूत आहे, आणि पाचवी भाषा जी इंग्रजी, तिच्यात ती ‘टेक’ने येतच नाही. म्हणून चारही घरांतली मुले एकच चूक करीत होती. ती चूक अज्ञानाची नव्हती. त्यांच्याजवळ इंग्रजीपेक्षा एक खोली जास्त होती आणि तिची किल्ली ते चुकीच्या कुलुपाला लावत होते. हे त्यांना एकदा नीट सांगितले की ती चूक महिन्याभरात जाते. फुल्या मारून ती दहावीपर्यंत गेली नव्हती.

परीक्षेचेही असेच. आपल्याकडे सर परीक्षा घेतात आणि मुले ती देतात. इंग्रजीत मूलच परीक्षा ‘टेक’ करते. त्यामुळे ‘आमच्या सरांनी परीक्षा घेतली’ याचे शब्दशः इंग्रजी केले तर लंडनच्या माणसाला वाटेल की सर स्वतः बाकावर बसून पेपर लिहीत होते. फोटो आपण काढतो, तोही इंग्रजीत ‘टेक’. मूल आईच्या वळणावर जाते, ते तिकडे आईला ‘टेक आफ्टर’ करते. बुद्धिबळात आपण प्यादे मारतो, ते घेतात. अशा ठिकाणी मात्र ‘घेणे’ विसरून जाण्याखेरीज इलाज नाही, आणि पाठांतराला विरोध असणाऱ्या माझ्यासारख्यानेही इथे दहा-बारा वाक्ये पाठ करा असेच सांगितले असते.

इंग्रजी ‘टेक’ नीट न कळल्याचा भुर्दंड मराठीलाही पडतो आहे. गावातल्या एका नव्या बहुमजली इमारतीत उद्वाहनाशेजारी पाटी आहे, ‘आग लागल्यास जिने घ्या’. माझ्यासोबतच्या एका गृहस्थांनी पहारेकऱ्याला गंभीरपणे विचारले, ‘घेऊन कुठे जायचे?’ पहारेकऱ्याने त्याहून गंभीरपणे सांगितले की साहेबांना विचारावे लागेल. ‘आग लागल्यास जिन्याने उतरा’ यात एक अक्षरही अवघड नाही. प्रतीक्षागृहात ‘कृपया आपली जागा घ्या’ असे ध्वनिक्षेपकावरून सांगतात, तेव्हा सातबारा बरोबर आणायला हवा होता असे वाटते. ‘बसून घ्या’ म्हणायला काय हरकत आहे? आणि आमच्या घरचा प्रसंग तर आता घरोघरी सांगितला जातो. पुण्याला नोकरी करणारी माझी पुतणी गड्ड्याच्या जत्रेला आली होती. आल्या आल्या आजीला म्हणाली, ‘मी स्टेशनवरून रिक्षा घेतली.’ माझ्या आईने विचारले, ‘कितीला गं?’ ती म्हणाली, ‘ऐंशी रुपयांना.’ आई क्षणभर तिच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘मग आता लावलीस कुठं?’

मी सोवळा माणूस नाही. ‘ब्रेक घेतो’ असे मीही म्हणतो आणि ‘विश्रांती घेतो’ असे म्हणणाऱ्याला आजारी समजतो. भाषा एकमेकींकडून घेत असतात. खुद्द ‘टेक’च उसने आणलेले आहे हे वर लिहिलेच आहे. परंतु जिथे ‘रिक्षाने आले’ असे चांगले नांदते वाक्य घरात आहे, तिथे ते ढकलून त्याच्या जागी इंग्रजीची नक्कल बसवायची आणि मग त्याच मुलाला इंग्रजीच्या तासाला ‘टेक’चे पन्नास अर्थ पाठ करायला लावायचे, यात दोन्ही भाषांचे नुकसान आहे. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली. त्या पहिल्या मुलांची मुले आता शाळेत आहेत, आणि ‘टेक म्हणजे घेणे’ अजून फळ्यावर तसेच आहे.

आपणास विनंती अशी की विद्यार्थी पानावरील ही चौकट बंद करू नये, कारण सोलापुरातील पुष्कळ घरांत शिकवणीचे पैसे परवडत नाहीत आणि तिथे ते पान कापून भिंतीला लावले जाते, हे मी पाहिले आहे. फक्त पन्नासऐवजी आठवड्याला पाच अर्थ द्यावेत आणि प्रत्येकासोबत एक वाक्य असे द्यावे जे गावातल्या कोणत्यातरी कामात खरोखर बोलले जाते. रंगाचे वाक्य रंगाऱ्याकडून घ्यावे, कलमाचे बागाईतदाराकडून, शिवणाचे मास्तरांकडून. वाचकांकडूनही ती मागवता येतील. माझ्याकडे वर्गात मुलांनी सांगितलेल्या अशा साठेक वाक्यांची एक वही आहे, शिवण उसवलेली, तरी वाचता येण्याजोगी. ती मी येत्या सोमवारी आपल्या कार्यालयात आणून देतो. वापरून झाल्यावर परत मिळावी.

आणि तोवर, पुढच्या मंगळवारी जागा असल्यास, गेल्या चौकटीतील ‘टेक इन’ या नोंदीपुढे ‘फसवणे’बरोबर ‘(कपडा) आत घेणे’ हा अर्थ जोडावा. मास्तरांना मी तसा शब्द दिला आहे, आणि ते मंगळवारचा अंक घेतात.

आपला नम्र,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
साखर पेठ, सोलापूर